अमेरिकेतील नर्सिंग होमची पारख कशी होते?

भारतात नर्सिंग होम म्हणजे लहान खासगी रुग्णालय. अमेरिकेत मात्र वृद्धांची दीर्घकाळ शुश्रूषा करणारी संस्था. सरकारी निधी घेणाऱ्या अशा संस्थांची जास्तीत जास्त १५ महिन्यांच्या अंतराने, पूर्वसूचना न देता तपासणी करणे १९८७ च्या कायद्याने बंधनकारक केले आहे.

तपासणीतील त्रुटी, मालकांची नावे आणि परिचारिकांचे प्रमाण तेथील सरकारी संकेतस्थळावर पाहता येते. २००८ पासून संस्थांना एक ते पाच तारेही दिले जातात. पूर्वी कर्मचारीसंख्या संस्था स्वतःच कळवीत. २०१८ पासून त्यासाठी वेतनपटावरील कामाचे तास आधार मानले जातात. २०२२ पासून शनिवार-रविवारची उपस्थितीही जाहीर होते.

मालक कोण, याचा मात्र ताऱ्यांवर परिणाम होत नाही. म्हणून आप्तांना दाखल करण्यापूर्वी तिन्ही नोंदी एकत्र वाचणे हिताचे ठरते.