कथेशीं इमान राखणारा पत्त्यांचा जोड

पत्त्यांचा खेळ म्हटला कीं चार माणसें, दोन पक्ष आणि एकाची जीत म्हणजे दुसऱ्याची हार, असेंच चित्र डोळ्यांपुढें उभें राहतें. पानांवरील चित्रांना त्यांत फारसा अर्थ नसतो. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्याच्या १२० पानांवर दहा अवतारांचीं सुंदर चित्रें असतात. परंतु वामनाच्या पानानें तीन पावलें भूमि मागावी असा कांहीं त्या खेळाचा नियम नाहीं. चित्र कथेचें असतें, खेळ मात्र अंकांचा असतो.

या दोन्ही बाबतींत निराळा असा एक खेळ अमेरिकेंतील फँटसी फ्लाइट गेम्स या संस्थेनें २०११ सालीं प्रसिद्ध केला. नेट फ्रेंच हे त्याचे रचनाकार. इंग्रज लेखक जे. आर. आर. टोल्किन यांच्या अद्भुतरम्य कथांवर तो आधारलेला असून ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज : द कार्ड गेम’ हें त्याचें नांव. येथें खेळाडू एकमेकांचे प्रतिस्पर्धी नसून सहप्रवासी असतात. शत्रु, संकटें आणि बिकट वाटा यांच्या पानांचा एक स्वतंत्र जोड असतो. दर फेरींत त्यांतील पानें उलटतात आणि सर्वांनीं मिळून त्यांना तोंड द्यावयाचें असतें. जिंकले तर सारे जिंकतात, हरले तर सारे हरतात.

या खेळाची अर्धी गोडी खेळावयास बसण्यापूर्वींच असते. कारण प्रत्येकानें आपला जोड स्वतः रचावयाचा असतो. नियम थोडे आहेत. जोडांत निदान ५० पानें हवींत, आणि एकाच नांवाचीं तीनांहून अधिक नकोत. याखेरीज एक ते तीन नायक आरंभापासूनच पटावर उभे असतात. नेतृत्व, युद्धकौशल्य, आत्मबल व ज्ञान अशीं चार क्षेत्रें आहेत. दर फेरीस प्रत्येक नायकाला एक सोंगटी मिळते, व ती त्याच्या क्षेत्राचें पान पटावर उतरविण्याच्या कामीं येते. नायकाला धोक्याचा एक अंकही असतो. नायकांच्या अंकांची बेरीज हा आरंभ. पुढें दर फेरीस तींत भर पडत जाते, आणि ती ५० वर पोंचली कीं तो खेळाडू बाद होतो.

आतां, हातीं येतील तीं बलवान पानें गोळा करून जोड रचतां येतो, किंवा एखादी कथा डोळ्यांपुढें ठेवून रचतां येतो. दुसरा मार्ग अधिक रमणीय, पण अधिक अवघड. उदाहरणार्थ, १९३७ सालीं प्रसिद्ध झालेली टोल्किन यांची ‘हॉबिट’ ही कथा घ्यावी. थोरिन हा पदच्युत राजवंशांतील खुजा वीर. आपल्या बारा सोबत्यांसह, स्मॉग नांवाच्या अजगरानें बळकावलेला डोंगर परत मिळविण्यास तो निघतो. हा मेळा जोडांत आणावयाचा, तर नायक कोण?

थोरिन हवाच, त्याचें क्षेत्र नेतृत्व. ज्ञानासाठीं ओरी घ्यावा. या दोघांच्या पानांवर एकच अट आहे : खेळाडूच्या बाजूस निदान पांच खुजे असले, तर थोरिनला दर फेरीस एक सोंगटी जास्त मिळते व ओरीमुळें एक पान जास्त ओढतां येतें. म्हणजे पांच जमेपर्यंत हा जोड दुबळा, आणि जमल्यावर तोच बलाढ्य. कथेंतही खुजे बिल्बोच्या दारीं एकदम येत नाहींत. एकेक, दोनदोन असे येत येत त्यांचा मेळा होतो.

तिसऱ्या नायकापाशीं खरा पेंच पडतो. अनुभवी खेळाडूला दाइन हवा असतो. कारण तो उभा आहे तोंवर प्रत्येक खुज्याचें आक्रमण व मनोबल एकेकानें वाढतें. पण कथेंत दाइन या प्रवासांत नाहींच. तो अगदीं शेवटीं, दूरच्या लोखंडी टेकड्यांतून थोरिनच्या साहाय्यास येतो. त्याला प्रथमपासून सोबत घेणें म्हणजे शेवटचा अंक पहिल्या प्रवेशांत उरकणें होय. शिवाय थोरिनचे १२, दाइनचे ११ व ओरीचे ८ मिळून धोका ३१ वर जातो. त्याच्या जागीं मेळ्यांतलाच, आत्मबलाचा ओइन घेतला, तर हा अंक उतरतो. परंतु दाइनचें बळ जातें, आणि नेतृत्वाच्या सोंगट्या एकट्या थोरिनवर येऊन पडतात.

ही हानि भरून काढण्याचें काम गणिताचें. फिली व किली हे दोघे भाऊ कथेंत बरोबरच येतात. पत्त्यांतही एकाला हातांतून उतरविलें कीं दुसरा जोडांतून शोधून पटावर आणतां येतो. दोघांचीही किंमत तीन सोंगट्या. फिली नेतृत्वाचा, किली आत्मबलाचा. दाइन असतां आत्मबलाचा नायकच नसतो, म्हणून हातीं आलेला किली अडून बसतो. ओइन असतां दोन्ही दारें उघडीं राहतात. एखाद्या नांवाचीं तीन पानें घातलीं, तर आरंभींच्या सहा पानांत त्यांतील एखादें येण्याचा संभव शेंकडा सुमारें ३२. फिलीचीं तीन व किलीचीं तीन घातलीं, तर तोच सुमारें ५६ होतो. आणि न आवडलेला हात एकदां बदलण्याची मुभा असल्यानें सुमारें ८० वर जातो. दोघे भाऊ उतरले कीं तीन नायकांसह पांचांची अट पुरी! कथेशीं राखलेलें इमान येथें व्याजासह परत मिळतें.

मात्र सारें असें परत मिळत नाहीं. दाइनवांचून हा मेळा लढाईंत उणाच पडतो, आणि ती उणीव एकट्याची राहत नाहीं. सोबत्यालाही तिची झळ लागते. आपल्या हौसेपायीं दुसऱ्याला हरविण्याचा अधिकार कोणाला आहे काय?

याचें उत्तर खेळाच्या स्वरूपांतच आहे. दाइनचा प्रभाव त्याच्या मालकापुरता नसून पटावरील साऱ्या खुज्यांवर पडतो. तेव्हां त्याला सोबत्याच्या जोडांत स्थान द्यावें. मग कथेंतल्याप्रमाणेंच थोरिनच्या मेळ्याला बाहेरून, भाऊबंदाकडून साहाय्य येतें. पण त्यासाठीं सोबत्याला आपला एक नायक कामास न लावतां उभा ठेवावा लागतो. कारण कामास लावलेलें पान आडवें होतें आणि प्रभाव सरतो. म्हणून असा जोड एकट्यानें रचून पुरा होत नाहीं. कोणतीं पानें घ्यावींत हें कथा सांगते, किती घ्यावींत हें गणित सांगतें. पण उरलेली उणीव कोणी भरावी, हें मात्र सोबत्याशीं बसून, खेळापूर्वींच ठरवावें लागतें.