वेबसाईट बदलताना मागील बाकी पुढे ओढा

२२ सप्टेंबर २०२५ पासून तयार कपड्यांवरील जीएसटीचे दर बदलले. त्याआधी नगाला एक हजार रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर १२ टक्के असा हिशेब होता. नव्या दरात अडीच हजारांपर्यंत ५ टक्के आणि त्यापुढे १८ टक्के कर आला. ताक्यातल्या कापडाला ५ टक्के होते, ते तसेच राहिले. आमच्या पवनारच्या दुकानातली पाटी आम्ही त्याच सकाळी बदलली. वेबसाईटवरचे दर मात्र नऊ दिवस जुनेच राहिले, कारण ते बदलण्याची किल्ली आमच्या हातात नव्हती.

खेड्यातल्या कापड दुकानाला वेबसाईट कशाला, असे काही बंधू विचारतील. पवनार हे वर्धा-नागपूर रस्त्यावर, धाम नदीच्या काठी. विनोबाजींचा आश्रम पाहायला येणारी बाहेरगावची मंडळी जाताना चादरी, कापड घेतात आणि नंतर घरून पुन्हा मागवतात. शाळांच्या गणवेशाची ठोक मागणीही याच वाटेने येते. म्हणजे वेबसाईट हा आमच्यासाठी शोभेचा दिवा नाही, ते गिऱ्हाइकाचे दुसरे दार आहे.

हे दार एका होतकरू मुलाने पीएचपी नावाच्या भाषेत कोड लिहून बनवले होते. काम चांगले होते, त्याबद्दल तक्रार नाही. पुढे तो नोकरीसाठी मोठ्या शहरात गेला आणि आम्ही अडकलो. त्यात आणखी एक भर पडली. जुन्या पीएचपी ५ मध्ये माहितीच्या साठ्यातून दर-यादी काढण्याची जी पद्धत होती, ती डिसेंबर २०१५ मध्ये आलेल्या पीएचपी ७ मधून काढून टाकण्यात आली. ५ या मालिकेतल्या शेवटच्या ५.६ आवृत्तीला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणेही २०१८ अखेर बंद झाले. जागा भाड्याने देणारी कंपनी एक दिवस सर्व्हर अद्ययावत करते आणि आपली पाने कोरी दिसू लागतात. दोष कोणाचाच नसतो, नुकसान मात्र दुकानदाराचे होते.

कोड लिहून केलेली वेबसाईट म्हणजे माप देऊन शिवून घेतलेला कपडा. अंगाला बरोबर बसतो, पण उसवला तर तोच शिंपी शोधावा लागतो. दुसरा प्रकार दृश्य बिल्डरचा. वर्डप्रेसवर चालणारे एलिमेंटर, विक्स, शॉपिफाय ही त्यातली परिचित नावे. यात पडद्यावर चौकटी ओढून ठेवायच्या, फोटो टाकायचा, मजकूर टंकायचा. कोड मागच्या मागे आपोआप तयार होतो. हा तयार कपडा झाला. कोणीही घालू शकतो, पण त्याच्या शिवणीत माया कमी असते, फार सैल करता येत नाही.

सरकारनेही हाच मार्ग धरला आहे. आपल्या वर्धा जिल्हा प्रशासनाचे संकेतस्थळ पाहा. ते राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या ‘एस३वास’ या व्यवस्थेवर चालते. इतर जिल्ह्यांची संकेतस्थळेही त्याच साच्यातली, म्हणून ती एकमेकांच्या भावंडांसारखी दिसतात. साचा आणि सुरक्षा केंद्राची, सूचना आणि निविदा भरण्याचे काम कार्यालयातल्या कर्मचाऱ्याचे. एका सूचनेसाठी प्रोग्रामर बोलवावा लागत नाही.

आता मुख्य खुलासा. नवी वेबसाईट सुंदर करण्यात लोक महिना घालवतात आणि जुनीतून काय आणायचे याला एक संध्याकाळही देत नाहीत. नवी खातेवही घालताना आपण मागील बाकी पुढे ओढतो की नाही? तीच रीत येथे हवी.

पहिली बाकी नावाची. वेबसाईटचे नाव, म्हणजे डोमेन, कोणाच्या नावावर नोंदलेले आहे ते आधी तपासा. बनवणाऱ्याने ते आपल्या नावावर घेतले असेल, तर दुकान तुमचे आणि सातबारा त्याचा, असा प्रकार होतो. हे निस्तरल्याशिवाय पुढचे पाऊल टाकू नये.

दुसरी बाकी जुन्या पत्त्यांची, आणि सर्वात मोठी घसरगुंडी हीच. वेबसाईटच्या प्रत्येक पानाला स्वतंत्र पत्ता असतो. गूगलने तो नोंदवलेला असतो, गिऱ्हाइकाने व्हॉट्सॲपवर कोणाला पाठवलेला असतो. बिल्डरमध्ये पान नव्याने केले की पत्ता बदलतो आणि जुन्या पत्त्यावर आलेल्या माणसाला ‘पान सापडले नाही’ एवढेच दिसते. यावर उपाय आहे, त्याला ‘३०१ पुनर्निर्देशन’ म्हणतात. जुना पत्ता कायमचा अमुक नव्या पत्त्यावर गेला आहे, असे त्यातून गूगललाही कळते आणि माणसालाही. आम्ही एका कोऱ्या वहीत डावीकडे जुना पत्ता, उजवीकडे नवा, अशी यादी केली. कंटाळवाणे काम होते, दोन रात्री गेल्या. सगळे जुने पत्ते मुख्य पानाकडे वळवण्याचा आळस मात्र करू नये. गणवेशाचे कापड शोधत आलेल्या माणसाला दाराशी उभे करून ‘आत कुठेतरी आहे, शोधा’ म्हणण्यासारखे ते होते.

तिसरी ईमेलची. हिच्यात आम्ही फसलो. डोमेनच्या नोंदींमध्ये वेबसाईट कुठे आहे हे एका ओळीत असते आणि टपाल कुठे द्यायचे हे दुसऱ्या ओळीत. या दुसरीला एमएक्स नोंद म्हणतात. नेमसर्व्हर बदलताना आम्ही पहिली ओळ नव्या ठिकाणी उतरवली, दुसरी विसरलो. नवी वेबसाईट झकास उघडत होती आणि दोन दिवस एकही ईमेल येत नव्हते. आम्ही समजत होतो की बाजार थंड आहे!

चौथी लिपीची. जुन्या वेबसाईटवरचा मराठी मजकूर युनिकोडमध्ये नसून एखाद्या जुन्या फाँटमध्ये टंकलेला असेल, तर नव्या जागी तो इंग्रजी अक्षरांचा खिचडा होऊन उतरतो. परिवर्तक वापरता येतो, पण नंतर प्रत्येक ओळ डोळ्यांनी वाचलीच पाहिजे. जोडाक्षरे आणि आकडे हमखास बिघडतात, आणि दरात आकडा चुकला तर काय होते ते व्यापाऱ्याला सांगायला नको. माझी शाळा उर्दू माध्यमाची, म्हणून एक पान उर्दूत ठेवण्याची हौस होती. काही तयार साच्यांत उजवीकडून डावीकडे चालणारी लिपी नीट बसत नाही, चौकटी उलट्या पडतात. साचा पसंत करण्याआधी त्यात चार ओळी टाकून पाहाव्यात.

काही गोष्टी सोडाव्याही लागल्या. ताक्यातले मीटर आणि ठोक दर यांचा आपोआप गुणाकार जुन्या कोडमध्ये होता. नव्यात त्यासाठी वेगळे पैसे पडत होते. तेथे आम्ही ‘ठोक दरासाठी फोन करा’ असे लिहून टाकले. व्यवहारात फरक पडला नाही. खरे तर सौदा फोनवरच ठरत होता.

बिल्डरने प्रोग्रामरची ताबेदारी संपते, कंपनीची सुरू होते. विक्सवर बांधलेली वेबसाईट जशीच्या तशी उचलून दुसऱ्या सर्व्हरवर नेता येत नाही. वर्डप्रेस मुक्त स्रोताचे आहे, ते कोठेही नेता येते. पण एलिमेंटर बंद केले की मजकूर उरतो आणि मांडणी विस्कटते. शॉपिफायमधून मालाची यादी सीएसव्ही फाईलमध्ये काढता येते. तेव्हा पैसे भरण्याआधी एकच प्रश्न विचारावा : उद्या मला जायचे झाले तर बरोबर काय नेता येईल?

फोटोंबद्दल थोडेसे. मोबाईलमधला फोटो चार-पाच एमबीचा असतो; तसाच चढवला तर गावाकडच्या नेटवर पान उघडेपर्यंत गिऱ्हाईक निघून जाते. आकार लहान करूनच चढवावा.

जुनी वेबसाईट लगेच बंद करू नका. तिची भाड्याची मुदत तीन महिने वाढवून घ्या. दरम्यान गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये न सापडणाऱ्या पानांची यादी दर आठवड्याला पाहा. आमच्या वहीतून सुटलेले अकरा पत्ते तेथेच सापडले. त्यातला एक चादरींच्या पानाचा होता.