वसईचा तह आणि सोपाऱ्याचा शिलालेख

चिंचोटीहून वसई व सोपारा दोन्ही जवळच. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने वसईस इंग्रजांशी तह केला व त्यांच्या फौजेच्या बळावर पुण्याची गादी परत मिळविली. मुळात पेशवा छत्रपतींचा सेवक; धन्याचीच सत्ता त्याने बळकावली होती. ती प्रजेस न विचारता परक्याकडे गहाण पडली, यात आम्हांस नवल वाटत नाही.

सोपाऱ्यास १८८२ मध्ये अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. त्या लेखातील राजा मृगयेच्या विहारयात्रा सोडून धम्मयात्रेस निघतो, जनपदातील लोकांना भेटतो, धम्माविषयी विचारपूस करतो. अग्गञ्ञ सुत्तातील पहिला राजा तर ‘महासम्मत’, म्हणजे लोकांनीच निवडलेला. अपराध्यास शासन करणे हे त्याचे काम. त्याबद्दल लोक त्यास आपल्या भातातील वाटा देत.