घोड्यावर बसणाऱ्या मुलाचं हेल्मेट

हैदराबादेत कुकटपल्लीतल्या मराठी घरांतून एखादं मूल घोडेस्वारी शिकायला निघालं, की घरातलं सायकलचं हेल्मेट आधी पुढे येतं. ते चालत नाही. घोडेस्वारीचं हेल्मेट मागे खालपर्यंत उतरतं, आणि त्याची चाचणी घेताना नालाच्या कडेसारख्या टोकदार घावाचाही विचार केलेला असतो. आतल्या लेबलवर एएसटीएम एफ ११६३, पीएएस ०१५ किंवा व्हीजी१ यांपैकी एखादं मानक छापलेलं हवं. आयएसआयची आयएस ४१५१ ही खूण दुचाकीच्या हेल्मेटची, ती इथे पुरेशी नाही.

माप घेताना टेप भुवयांच्या साधारण २ सेंटिमीटर वर, कानांवरून, डोक्याच्या मागच्या उंचवट्याभोवती फिरवा. वेणी मानेशी सैल बांधा. उंच अंबाडा ठेवून घेतलेलं माप फसवं असतं. पट्टा न लावता मुलाला मान हलवायला सांगा. हेल्मेटबरोबर कपाळाची कातडीही सरकली पाहिजे. नुसतं हेल्मेटच सरकलं तर ते सैल आहे, आणि कपाळ दुखत असेल तर आकारच चुकलेला आहे, मग कंपनी बदला. पट्टा हनुवटीखाली एक बोट जाईल इतका घट्ट हवा.

‘वाढत्या अंगाचं’ म्हणून मोठं घेणं मात्र घातक आहे. पडताना ते मागे घसरतं. हैदराबादच्या उन्हाळ्यासाठी हवेची छिद्रं आणि धुता येणारं अस्तर पाहा, आणि हेल्मेट तापलेल्या गाडीत ठेवू नका. जोराचा मार बसला, की वरून तडा दिसत नसला तरी आतला फोम दबलेला असू शकतो, म्हणून हेल्मेट बदलाच. कुणाचं वापरलेलं घेऊ नका. माथेरानच्या सहलीत घोड्यावर बसायचं असेल, तर तिथेही मुलाचं हेल्मेट बरोबर न्या.