रोखे रद्द, देणग्या चालूच

निवडणूक रोखे (स्टेट बँकेतून विकत घेऊन पक्षाला द्यायची, देणगीदाराचे नाव नसलेली वचनपत्रे) सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी घटनाबाह्य ठरवले. तेव्हापासून ‘कंपन्यांना आता पक्षांना पैसे देता येत नाहीत’ असे अनेकजण धरून चालतात. तसे नाही.

नाक्यावरच्या दुकानदाराने गणेश मंडळाला बिननावाचे पाकीट दिले, तरी ते कोणाचे हे अध्यक्षांना बरोबर ठाऊक असते. पत्ता लागत नाही तो गल्लीला. रोख्यांचेही तेच होते. न्यायालयाचा आक्षेप होता या लपवाछपवीला, आणि आणखी एका गोष्टीला, जिची चर्चा फारच कमी झाली. २०१७ पर्यंत कंपनीला मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या ७.५ टक्क्यांपर्यंतच देणगी देता येई. मग कायद्यातील दुरुस्तीने ही मर्यादा उठली आणि तोट्यातल्या कंपनीलाही हवी तेवढी देणगी देण्याची मुभा मिळाली! निकालाने ती दुरुस्तीही रद्द केली.

चेकने किंवा निवडणूक न्यासामार्फत (देणग्या गोळा करून पक्षांना वाटणारी संस्था) कंपन्या आजही देणगी देऊ शकतात. मनाई आहे ती सरकारी कंपन्यांना आणि तीन वर्षे पूर्ण न झालेल्यांना. २० हजार रुपयांवरील देणग्यांचा तपशील पक्षांनी निवडणूक आयोगाला द्यायचा असतो.