मुलूख जिंकणे आणि मुलूख राखणे

मुलूखगिरी हा शब्द मराठी वाचकांस बखरींतून आणि जुन्या कागदपत्रांतून परिचित आहे. घोडदळ घेऊन परमुलखात शिरावे, खंडणी वसूल करावी आणि पावसाळ्यापूर्वी घर गाठावे, असा तिचा साधारण क्रम असे. दौलती गेल्या, घोडदळे गेली. परंतु मुलूखगिरीची हौस काही मनुष्याच्या मनातून गेली नाही. आज ती मोबाइलच्या पडद्यावर अवतरली आहे. जुन्नर तालुक्यातील बोरी बुद्रुकसारख्या गावातला मुलगा संध्याकाळी ओट्यावर बसून जगाचा नकाशा उघडतो, आणि ज्याचे तोंडही कधी पाहिले नाही अशा दूरदेशीच्या प्रतिस्पर्ध्याशी युद्ध मांडतो. पहिल्या घटकेत तो अर्धे जग पादाक्रांत करतो. दुसऱ्या घटकेत त्याला उभे राहण्यापुरतीही जागा उरत नाही. फासे उलटे पडले, असे तो म्हणतो. वास्तविक दोष बहुधा फाशांचा नसतो. मुलूख जिंकणे आणि मुलूख राखणे या दोन निरनिराळ्या विद्या आहेत, आणि नवशिक्याला त्यांपैकी पहिलीच तेवढी ठाऊक असते.

या जातीच्या खेळांत ‘रिस्क’ हा विशेष प्रसिद्ध होय. आल्बेर लामोरीस या फ्रेंच चित्रपट-दिग्दर्शकाने रचलेला हा पटाचा खेळ १९५७ साली प्रसिद्ध झाला. आता तो पटाबरोबरच पडद्यावरही खेळला जातो. त्यात जगाचे ४२ प्रांत केलेले असून ते सहा खंडांत वाटलेले आहेत. प्रत्येक पाळीच्या आरंभी खेळाडूस नव्या तुकड्या मिळतात. ताब्यातील प्रांतांच्या संख्येस तीनाने भागावे, अपूर्णांक सोडून द्यावा, आणि उत्तर कितीही लहान आले तरी निदान तीन तुकड्या मिळाव्यात, असा नियम आहे. याखेरीज एखादा खंड संपूर्ण हाती असेल तर त्याचे वेगळे उत्पन्न मिळते. साऱ्या डावाचे मर्म या जमाखर्चात आहे.

हा हिशेब एकदा नीट मांडून पाहावा. एका खेळाडूचे ११ प्रांत जगभर विखुरलेले आहेत. त्याला पाळीमागे ३ तुकड्या मिळतात. दुसऱ्यापाशी ऑस्ट्रेलिया खंडातील अवघे ४ प्रांत आहेत. परंतु खंड पुरा असल्याने त्याला नेहमीच्या ३ आणि खंडाच्या २, अशा ५ तुकड्या मिळतात. नकाशावर पहिला श्रीमंत दिसतो, खरा श्रीमंत दुसरा असतो. पहिल्यास अकरा दारे राखावयाची आहेत. दुसऱ्यास एकच, कारण ऑस्ट्रेलियात शिरण्याची वाट सयामकडून इंडोनेशियात उतरणारी तेवढी एक आहे. म्हणून नवशिक्यास पहिला उपदेश करावयाचा तो हाच की, प्रांत मोजण्यापूर्वी दारे मोजावीत. दक्षिण अमेरिकेचे प्रांत चारच, उत्पन्न दोनच, पण दारे दोन. उत्तर अमेरिकेत नऊ प्रांत, तीन दारे आणि पाच तुकड्यांचे उत्पन्न. हा व्यवहार फायद्याचा खरा, परंतु तो हाती थोडे बळ जमल्यावर करण्याचा. आशियाचे उत्पन्न सर्वांत मोठे, सात तुकड्यांचे. परंतु त्याचे बारा प्रांत आणि पाच सरहद्दी सांभाळताना मोठमोठ्या खेळाडूंची दमछाक होते. आरंभीच आशियाच्या मागे लागणारा खेळाडू बहुधा डावातून प्रथम उठतो.

दारे मोजण्याची ही दृष्टी बोरी बुद्रुकच्या मुलास दूरदेशीच्या नकाशातून शिकण्याचे कारण नाही. त्याच्या गावावरून वाहणारी कुकडी नदी पश्चिमेस सह्याद्रीच्या माथ्याशी, नाणेघाटाच्या परिसरात उगम पावते. बोरीचा प्रदेश मोकळा. नदीकाठच्या सपाट जमिनीवर कोणीही कोणत्याही दिशेने यावे. पश्चिमेस मात्र निराळा प्रकार आहे. कोकणातून देशावर येणारा जुना व्यापारी मार्ग नाणेघाटाच्या अरुंद खिंडीतून वर चढतो. तेथील लेण्यातील सातवाहनकालीन शिलालेख आणि जकातीचा म्हणून दाखविला जाणारा दगडी रांजण, हे त्या वाटेच्या महत्त्वाचे साक्षीदार होत. या वाटेच्या पाठीशी जीवधन, चावंड, हडसर आणि शिवनेरी असे किल्ले उभे आहेत. पूर्वीच्या राज्यकर्त्यांनी बोरीच्या मोकळ्या रानात भिंत घातली नाही. जेथे थोड्या माणसांनी पुष्कळांस अडवावे अशा जागा निवडल्या. खेळातील सयामची जी किंमत, तीच जुन्नर प्रांतात नाणेघाटाची.

दुसरा धडा बळ एकवटण्याचा. ‘रिस्क’मध्ये चढाई करणारा जास्तीत जास्त तीन फासे टाकतो, राखणारा दोन, सर्वांत मोठ्या फाशाशी मोठा ताडून पाहतात, आणि बरोबरी झाल्यास राखणारा जिंकतो. चढाई करणाऱ्याने एक तुकडी मागे ठेवलीच पाहिजे, त्यामुळे तीन फासे टाकण्यास निदान चार तुकड्या लागतात. तीन फाशांविरुद्ध दोन असताना शंभरांत सुमारे ३७ वेळा राखणाऱ्याच्या दोन तुकड्या पडतात, २९ वेळा चढाई करणाऱ्याच्या दोन पडतात, आणि उरलेल्या ३४ वेळा दोघांची एकेक जाते. म्हणजे भरपूर बळाने केलेली चढाई लाभदायक ठरते. तेच एका फाशाविरुद्ध एक असा सामना झाला तर चढाई करणारा शंभरांत ४२ वेळाही जिंकत नाही. तात्पर्य, चार ठिकाणी थोडेथोडे लढण्यापेक्षा एका ठिकाणी पुरेपूर लढावे, आणि बळ उतरू लागताच हात आवरावा. पाळीत एक प्रांत जिंकला तरी बक्षिसाचे पान मिळते, दहा जिंकले तरी एकच. अशा पानांचा संच जमला की जादा तुकड्या हाती येतात. तेव्हा दर पाळीस एक प्रांत पक्का करणारा खेळाडू धिमा दिसला तरी चुकत नसतो.

तिसरा धडा लूट आणि ताबा यांतील भेदाचा. आणि त्याचे उदाहरण बोरीच्या शेजारीच घडलेले आहे. १६३६ साली निजामशाही बुडाल्यावर जुन्नर आणि शिवनेरी मोगलांकडे गेले. १६५७ च्या एप्रिलअखेर शिवाजी महाराजांच्या माणसांनी रात्री दोरांच्या शिड्या लावून जुन्नर शहरात प्रवेश केला. तीन लाख होन आणि दोनशे घोडे हाती लागले. पण महाराजांनी शहरात ठाणे घातले नाही. डोक्यावर शिवनेरीचा किल्ला शत्रूच्या हाती असताना खालचे शहर राखणे म्हणजे विस्तवावर बिऱ्हाड करणे होते, हे त्यांस पूर्ण ठाऊक होते. लूट ही लूट म्हणूनच त्यांनी केली; तिला राज्यविस्तार मानले नाही. त्याच्या आदल्याच वर्षी, १६५६ मध्ये, जावळी घेतली तेव्हा मात्र त्यांनी तेथे प्रतापगड बांधविला. कोठे थांबावे आणि कोठून परतावे, हा विवेक या दोन घटना शेजारी ठेवल्या असता स्पष्ट दिसतो.

शिवनेरी हे महाराजांचे जन्मस्थान. पण १६८० मध्ये त्यांचे देहावसान होईपर्यंत तो किल्ला त्यांच्या हाती आला नाही. १६७५ साली इंग्रज कंपनीचा वैद्य जॉन फ्रायर जुन्नरास आला होता. किल्ल्यावर हजार कुटुंबांना सात वर्षे पुरेल इतकी सामग्री साठविलेली असल्याचे त्याने नमूद केले आहे. कड्यांइतकीच धान्याची कोठारेही किल्ला राखीत होती.

चौथा धडा सर्वांत कडू, तो सोडून देण्याचा. १६६५ मध्ये पुरंदरच्या तहाने महाराजांनी मोगलांना २३ किल्ले दिले व १२ किल्ले स्वतःकडे ठेवले. राज्याचा गाभा शाबूत राहिला, म्हणून १६७० साली गेलेले किल्ले परत घेण्याची मोहीम उभी राहू शकली. नवशिका खेळाडू नेमके याच्या उलट करतो. दूरच्या एका प्रांतासाठी तो हट्टाने तुकड्यांमागून तुकड्या ओततो, आणि त्या नादात आपले घरचे दार उघडे टाकतो.

या हट्टाचे मोठे उदाहरण औरंगजेबाचे. १६८१ मध्ये दक्षिणेची मोहीम आरंभून १७०७ मध्ये अहमदनगरजवळ मरण येईपर्यंत तो येथेच गुंतून पडला. बादशहाने किल्ला घ्यावा, फौज पुढे न्यावी, आणि मागे मराठ्यांनी तोच किल्ला पुन्हा हस्तगत करावा, असे वारंवार घडले. नकाशावर त्याचे राज्य पूर्वी कधी नव्हते एवढे पसरले होते. पण त्या पसाऱ्यास पुरून उरेल इतके बळ कोणत्याच खजिन्यात नव्हते.

खेळाच्या पटावर न दिसणारी एक गोष्ट मात्र उरतेच. पटावरील प्रांतात रयत नसते. प्रत्यक्ष मुलखात असते. चिपळूण येथे छावणी करून राहिलेल्या लष्कराच्या अधिकाऱ्यांस शिवाजी महाराजांनी पाठविलेले पत्र प्रसिद्ध आहे. दाणावैरणीचा साठा पावसाळाभर पुरवून वापरा. तो आधीच उधळलात तर शिपाई कुणब्याच्या घरात शिरतील, आणि मग लोकांस मोगलांपेक्षा आपलाच जाच अधिक वाटू लागेल, असा त्याचा आशय आहे. येथे वैरणीचा हिशेब आणि राज्याचा हिशेब एकच होऊन जातो. ज्या मुलखातील शेतकरी मनाने दुरावला, तो मुलूख नकाशावर आपल्या रंगाचा असूनही गेलेलाच असतो.

कुकडीकाठच्या गावांनी निजामशाही, मोगल, मराठे आणि इंग्रज अशा राजवटी पाहिल्या. फौजा येत तेव्हा बोरीसारख्या उघड्यावरच्या गावांना कड्याचा आसरा नव्हता. उभे पीक आणि घरातला दाणा हेच त्यांच्या वाट्याचे पणाला लागलेले असे. ओट्यावर बसून जग जिंकू पाहणाऱ्या मुलाने तुकड्या जरूर पुढे टाकाव्यात, त्यात गैर काही नाही. पण प्रत्येक प्रांत घेताना त्याने स्वतःला एक प्रश्न विचारण्याची सवय लावावी: हा प्रांत पुढच्या पाळीस राखता येईल काय? त्याला जेव्हा या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे देऊन स्वस्थ बसता येईल, तेव्हा त्याचे नवशिकेपण संपले असे समजण्यास हरकत नाही.