बोटभर नोटांची जत्रा

आपल्याकडे चार पैसे गाठीला आले की माणसाची नजर टेकडीवर जाते. मुंबईत मलबार हिलला जो मान आहे तो काही उगीच नाही. बोलिव्हियातल्या ला पाझ शहरात मात्र सगळं उलटं. हे शहर डोंगरांच्या एका खोल वाटीत वसलं आहे. मध्यवस्ती समुद्रसपाटीपासून सुमारे ३,६०० मीटरवर आणि वाटीच्या काठावरचं जुळं शहर एल आल्तो ४,००० मीटरच्याही वर. वर हवा विरळ आणि थंडी बोचरी. म्हणून सधन मंडळी खाली, दक्षिणेच्या उबदार भागात राहतात आणि गरिबांची घरं काठाकडे चढत जातात.

या चढणीवर २०१४ पासून केबलकार धावते. ती पर्यटकांची चैन नव्हे, तिथली लोकलच म्हणा ना. एका पाळण्यात दहा माणसं बसतात. कुणाच्या मांडीवर दप्तर, कुणाच्या पायाशी भाजीची पिशवी. लाल मार्गाचा पाळणा जुन्या रेल्वे स्थानकापासून निघतो आणि दफनभूमीवरून सरकत एल आल्तोला पोचतो. लांबवर ६,४०० मीटरहून उंच इलिमानी बर्फ पांघरून बसलेला. २०२४ च्या जानेवारीत सौ. आणि मी तिथे होतो. पहिले दोन दिवस कोकाच्या पानांचा चहा पिण्यात आणि दम खाण्यात गेले. जरा धीर आल्यावर संसदेसमोरच्या चौकात जाऊन उलटे काटे फिरणारं प्रसिद्ध घड्याळ पाहिलं, पण आमचा जीव रमला तो बाजारातच.

एल आल्तोचा मोठा बाजार गुरुवारी आणि रविवारी भरतो. मोटारीच्या सुट्या भागांपासून वापरलेल्या कोटांपर्यंत काय हवं ते मागा. विकायला बहुतेक बायकाच. घेरदार झगा, डोक्यावर छोटी गोल हॅट, पाठीवर पट्ट्यापट्ट्यांच्या कापडात बांधलेलं मूल किंवा माल. विकणारी गिऱ्हाइकाला ‘कासेरिता’ म्हणते आणि गिऱ्हाईकही तिला ‘कासेरिता’च म्हणतं. सौ.ला हे भारी आवडलं. आपली भाजीवाली माप झाल्यावर वरून चार मिरच्या टाकते, तशी तिथेही रीत आहे. तिला ‘यापा’ म्हणतात. यापा मागायला लाजायचं नसतं.

एका ढिगापाशी आम्ही थबकलो. काळे, सुरकुतलेले, दगडासारखे गोळे. ते बटाटे होते! बटाटा आपल्याकडे पोर्तुगीजांनी आणला, नावासकट. पण त्याचं माहेर या डोंगरांतलं. इथले शेतकरी हिवाळ्यात बटाटे उघड्यावर पसरतात. रात्री ते गोठतात, दिवसा उन्हाने सैल पडतात, मग पायांनी तुडवून त्यांतलं पाणी काढायचं आणि वाळवायचे. याला ‘चुन्यो’ म्हणतात. वर्षानुवर्षं टिकतो.

‘आपल्या सांडग्यांचा थोरला भाऊ,’ सौ. म्हणाली.

मला मात्र मुदत ठेव आठवली. सारा जन्म बँकेत गेल्यावर दुसरं काय आठवणार! पण विनोद बाजूला ठेवून सांगतो, या देशात एक काळ असा होता की वाळवलेला बटाटा बँकेतल्या ठेवीपेक्षा भरवशाचा ठरला. १९८४-८५ ची ती गोष्ट. सरकारच्या तिजोरीत खडखडाट, म्हणून नोटा छापायच्या. त्याही परदेशात छापून विमानाने आणायच्या. वर्षभरात भाव वीस हजार टक्क्यांहून जास्त चढले. पगार हातात पडला की लोक बाजाराकडे धावत, कारण संध्याकाळी त्याच पैशात सकाळइतका माल मिळत नसे. ऑगस्ट १९८५ मध्ये सरकारने कडक उपाय केले आणि महागाई काही आठवड्यांत थांबली. पण त्याच सुमारास कथलाचा भाव कोसळला, सरकारी खाणींतून वीस हजारांहून अधिक कामगार घरी गेले. त्यातले कितीतरी बायकापोरांसह एल आल्तोला येऊन राहिले. १९८७ साली नवं चलन आलं, तेव्हा दहा लाख जुन्या पेसोंचा एक बोलिव्हियानो झाला. एखाद्याने आयुष्यभर काटकसर करून दहा लाख साठवले असतील, तर त्याच्या हातात एक नाणं! काउंटरच्या अलीकडे बसून मी पासबुकं भरली आहेत. म्हाताऱ्या खातेदाराला हा हिशेब कसा समजावून सांगितला असेल, या विचाराने मला त्या रात्री झोप आली नाही.

आणि याच ला पाझमध्ये दरवर्षी २४ जानेवारीला खोट्या नोटांची जत्रा भरते.

‘अलासिता’ म्हणजे आयमारा भाषेत ‘माझ्याकडून घ्या’. उद्यानातल्या वाटांवर दुकानांच्या रांगा, आणि प्रत्येक वस्तू बाहुलीच्या संसारातली. काडेपेटीएवढी घरं, तांदळाची नि सिमेंटची इवली पोती, मोटारी, पासपोर्ट, पदवीची प्रमाणपत्रं. वर्तमानपत्रंसुद्धा त्या दिवशी तळहाताएवढे अंक काढतात. आणि बोटभर नोटांची बंडलं: बोलिव्हियानो, डॉलर, युरो. वर्षभरात जे हवं ते ठीक दुपारी बाराला विकत घ्यायचं, यातिरीकडून, म्हणजे तिथल्या भगताकडून, धूप दाखवून घ्यायचं, मग चर्चमध्येही नेऊन आणायचं. घरी एकेको नावाचा मिशाळ, गोलमटोल देव असतो. त्याच्या अंगावर हे सारं लटकवायचं आणि तोंडात पेटती सिगारेट द्यायची. युनेस्कोने २०१७ साली या प्रथेला मानवजातीच्या वारशात जागा दिली.

हसू येईल, पण हसण्याआधी गर्दी पाहावी. बाराचे ठोके पडायच्या सुमाराला अख्खं शहर धूपाच्या धुरात उभं असतं. आमच्या शेजारी एक तरुण जोडपं होतं. त्यांनी घर घेतलं, विटांची थप्पी घेतली, आणि नोटांमध्ये डॉलरच मागितले. २०२३ पासून देशात खऱ्या डॉलरची टंचाई होती. सरकारी दर ६.९६ बोलिव्हियानोवर बांधलेला, पण त्या भावाने बँकेत डॉलर मिळत नव्हते. छोट्या डॉलरना त्या जत्रेत तोटा नव्हता.

सौ.ने नातवासाठी पदवीचं प्रमाणपत्र घेतलं आणि मला नोटांचं एक बंडल घ्यायला लावलं. दुकानदारीणबाई सत्तरीच्या असाव्यात. मी दिलेली खरी नोट त्यांनी उजेडात धरली, दोन्ही बाजूंनी पाहिली, अंगठ्याने चोळली. मीही सवयीने बंडल मोजलं. सत्त्याण्णव भरल्या. तीन बोटं वर करून दाखवल्यावर बाई खळखळून हसल्या, टोपलीत हात घातला आणि न मोजता एक आख्खी मूठ माझ्या ओंजळीत टाकली.

‘यापा,’ त्या म्हणाल्या.